स्वप्नात जाग येणं वेगळं, स्वप्न हाती येणं वेगळं

आठवी-नववीची मुलं हल्ली विचारतात, "सर, स्वप्नात ठरवून उडता येतं का?" प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. 'हे स्वप्न आहे' असं झोपेतच कळणं, म्हणजे ल्युसिड ड्रीम, ही थाप नाही. १९७५ मध्ये इंग्लंडात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाने डोळे डावी-उजवीकडे फिरवून दिलेली, आधी ठरवलेली खूण यंत्रावर टिपली. (त्या झोपेत बाकी शरीर ढिलं पडतं, डोळे मात्र हलतात.)

पण कळलं म्हणजे स्वप्न हातात आलं, असं नाही. मुलांचा घोटाळा इथेच होतो. नवखा हरखतो आणि जागाच होतो. टिकला तर हुकूम सोडतो. मनात मात्र 'जमेल का?' ही शंका. स्वप्न बहुतेकदा हुकमापेक्षा अपेक्षेचं ऐकतं, म्हणून भिंत भिंतच राहते. मुरलेला माणूस आधी हात चोळतो, काहीतरी चाचपतो, शांत होतो. मित्र हवा असेल तर त्याला हवेतून काढत नाही. दार उघडलं की पलीकडे तो असेल, असं धरून चालतो. त्यालाही दर वेळी जमतंच असं नाही बरं का!

म्हणून पालकांनो, पहाटे चारचा गजर लावून सराव करणाऱ्या मुलाला थांबवा. पहाटे स्वप्नं जास्त पडतात हे खरं, पण वाढत्या वयात ती झोप मोडायची नाही. स्वप्नं लिहायला वही द्या. भीतीचं स्वप्न परत परत पडत असेल, तर त्याचा शेवट बदलून दिवसा लिहायला सांगा. त्यासाठी गजर लागत नाही.