टंचाई भाड्याने देणे आहे

गावच्या घरी कॅमेरा बसवला. कंपनीचा क्लाउड नको होता, म्हणून थेट पुण्यातून बघायला गेलो; दिसेना. ब्रॉडबँडवाला म्हणाला, “स्टॅटिक आयपी घ्या, महिन्याला जादा पडतील.” कारण आमचं घर सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक घरांत मिळून एकच आयपीव्ही४ पत्ता. चाळीचं नाव आहे, खोली नंबर नाही! तुम्ही धाडलेल्या पत्राला उत्तर येतं, पण आपणहून कुणी तुमचं दार वाजवू शकत नाही.

टंचाई खरी आहे. हे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. वाटप झालं तेव्हा आपण रांगेतही नव्हतो. एकट्या एमआयटी विद्यापीठाकडे १ कोटी ६७ लाख होते. आशियाचा साठा २०११ मध्येच तळाला गेला.

पण उपाय, आयपीव्ही६, नव्वदच्या दशकातच तयार झाला. जिओने २०१६ मध्ये सुरुवातीपासून तोच वापरला. गरीब देशांना परवडत नाही, ही सबब तिथेच संपली. मग घरच्या वायरलाच काय धाड भरलीय? जुनी यंत्रं बदलायला खर्च येतो, आणि टंचाईचं भाडं मिळतं.

आणि आपण इंजिनिअर? काही अडलं की पहिला सल्ला: “आयपीव्ही६ बंद करून बघ.” मीही दिलाय.