कौतुक नको, चार दिवस द्या

"देवाने ह्याला माझ्याआधी एक दिवस तरी न्यावं." प्रौढ मतिमंद मुलाची आई हे बोलते तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नसते. ते कधीच आटलेले असते. नाशिकमध्ये अशा पालकांच्या सोबत जरा वेळ बसा. 'आमच्या माघारी ह्याचं काय?' हा प्रश्न येतो आणि त्याच्या मागोमाग ही प्रार्थना येते. आईने पोटच्या पोराचे मरण मागावे अशी वेळ ज्या समाजाने तिच्यावर आणली, त्याला जाब विचारायला हवा.

आपण तिच्यासाठी काय करतो? तिचे कौतुक करतो. तिला शाल-श्रीफळ देतो आणि 'देव अशी मुलं खास आईच्याच पदरात घालतो' असे सांगतो. इतके क्रूर वाक्य मराठीत दुसरे क्वचितच असेल. हे ओझे देवाने दिले असे एकदा म्हटले, की शेजारी, नातेवाईक, नगरसेवक या कोणालाही त्याला हात लावायची गरज उरत नाही. थोरवीच्या नावाखाली आपण एका बाईला जन्मठेप ठोठावतो. तिने चार दिवसांची रजा मागितली, तर तिच्या मायेवरच संशय घेतो. "पोराला कुठंतरी ठेवून गावाला गेली म्हणे!" असे कुजबुजणाऱ्यांपैकी किती जण त्या पोराजवळ एक दुपार तरी बसले आहेत?

सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात हे जगणे कसे असते, ते बाहेरून दिसत नाही. मुलगा पस्तिशीचा आणि आई साठी ओलांडलेली. त्याची आंघोळ, दाढी, कपडे, फिटच्या गोळ्यांच्या वेळा, रात्रीची जाग हे सगळे तिच्याकडे. मुलगी असेल तर दर महिन्याची पाळी आणि तिच्याजवळ कोण येते-जाते यावरची अष्टौप्रहर नजर. आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलले जाते, कारण त्यानंतर त्याला कोण धरणार? लग्नाला नवरा गेला तर बायको घरी राहते. दोघे मिळून कुठे जाऊन किती वर्षे झाली, हे त्यांना आठवत नाही. बहिणीला बघायला पाहुणे यायचे असले, की भावाला शेजारच्या घरी नेऊन बसवतात. घराण्यात 'तसे' आहे हे कळले तर स्थळ मोडेल, ही भीती खोटी नाही. ती भीती आपणच घातली आहे. सुशिक्षित घरांनीही घातली आहे.

आणि जिथे माणसे हात देत नाहीत, तिथे धर्माचा बाजार तत्पर असतो. पूर्वजन्मीचे पाप, पितृदोष, कालसर्प. मग त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी. तो विधी तीन दिवसांचा. यजमानाच्या मुक्कामापासून जेवणापर्यंत सारी सोय होते. न दिसणाऱ्या दोषाच्या निवारणासाठी तीन दिवसांची चोख व्यवस्था ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात दमून गेलेल्या हाडामांसाच्या आईला तीन दिवस निर्धास्त झोप मिळेल अशी जागा शोधावी लागते. सिंहस्थात लक्षावधी लोकांसाठी तंबू, नळ, दवाखाने, रस्ते वेळेत उभे करून दाखवणारे हे शहर आहे. तेव्हा 'आम्हाला जमत नाही' हे उत्तर नाशिकला शोभत नाही.

या शहराला या कामाची ओळखही आजची नाही. रजनीताई लिमये यांनी 1977 साली इथे प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. त्या स्वतः अशा मुलाच्या आई होत्या. मतिमंद मूल शिकू शकते हे सांगायला त्या काळी किती धाडस लागत असेल, याची कल्पना आज करता येत नाही. पुढे मोठ्या झालेल्या मुलांना काम देणारी संरक्षित कार्यशाळा आली. पिंपळगाव बहुलाजवळ विद्या फडके यांच्या 'घरकुल परिवार'ने मतिमंद मुली आणि स्त्रियांसाठी घर उभारले. पण बघा, ही सगळी उभारणी आयांनी आणि शिक्षिकांनी केली. डोंबिवलीजवळ खोणीचे 'घरकुल' पालकांनी उभे केले. ज्यांच्या खांद्यावर भार होता, त्यांनीच आणखी एक भार उचलला. आपण पावती फाडली, दिवाळीत त्या मुलांच्या पणत्या विकत घेतल्या आणि निघून आलो.

विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते. त्यानंतर कार्यशाळेत जागा मिळाली तर दुपारपर्यंतचा वेळ निभतो. नाही मिळाली तर मुलगा घरी, टीव्हीसमोर. आयुष्याची पुढची चाळीस वर्षे त्याने काय करायचे, हा प्रश्न शाळेच्या फाटकाशीच राहतो.

सांभाळणाऱ्यालाही विसावा लागतो, हे कायद्याने ओळखलेले आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 1999 च्या कायद्यात पालकांना थोडा विसावा मिळावा म्हणून करायच्या तात्पुरत्या काळजीचा स्पष्ट उल्लेख आहे. न्यासाने त्यासाठी 'समर्थ' नावाची योजना काढली. पण तिच्यात अनाथ, टाकून दिलेले आणि अडचणीतल्या कुटुंबांतले असे सगळे एकत्र आले. पुढे ती आजन्म निवासाच्या 'घरौंदा'ला जोडली गेली. ज्याला जगात कोणी नाही त्याला आधी जागा द्यावी लागते, हे बरोबरच आहे. पण मग आठवड्यासाठी येणाऱ्याची खाट भरून जाते, आणि 'थोडे दिवस ठेवाल का?' असे विचारणाऱ्या बापाला 'कायमचं ठेवायचं असेल तर नाव नोंदवा' हे ऐकावे लागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहूच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. केरळ सरकार 'आश्वासकिरणम' योजनेतून महिना 600 रुपये देते. रक्कम लाजिरवाणी आहे, पण सांभाळणे हेही काम आहे, इतके तरी त्यातून मान्य होते.

यावर कोणी म्हणेल, वसतिगृहे वाढवा, प्रश्न मिटेल. नाही मिटणार. नुसत्या खाटांनी काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. 1994 साली शिरूरच्या शासकीय गृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशये काढली. कारण दिले ते पाळीच्या स्वच्छतेचे. 2010 साली शहापूर तालुक्यात कवडासच्या वसतिगृहात मतिमंद मुले भुकेने आणि आजाराने दगावली. मुंबई उच्च न्यायालयाला वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून दखल घ्यावी लागली. पाठोपाठ 2011 मध्ये कळंबोलीच्या आश्रमातले लैंगिक अत्याचार उघड झाले आणि 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. इंग्लंडमध्येही ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू रुग्णालयातली मारहाण 2011 साली बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यातूनच बाहेर आली. पैसा आणि नियम असलेल्या देशातही बंद दारामागे हे घडले. जो सांगू शकत नाही, त्याच्याशी कसे वागायचे हे त्या दाराआडच्या माणसांनी ठरवले, आणि बाहेरच्यांनी विचारलेच नाही.

म्हणून आई मुलाला कुठे ठेवायला घाबरते, तो तिचा हट्ट नव्हे. तिला बातम्या ठाऊक आहेत. तिला नुसती खाट नको, भरवसा हवा. हा भरवसा फलकावरच्या ध्येयवाक्याने मिळत नाही. मुलाला आधी एक दुपार, मग एक रात्र राहून पाहता यावे. दर वेळी तोच ओळखीचा माणूस असावा, ज्याला ह्याची भीती, ह्याची खूण, ह्याचे 'हूं' म्हणजे काय ते कळते. फिटची गोळी किती वाजता दिली याची नोंद असावी आणि गप्प बसवायला झोपेचे औषध कधीही देऊ नये. मुलीला आंघोळ बाईनेच घालावी. आईबापांना न कळवता केव्हाही येता यावे. आणि चाळीस वर्षांच्या माणसाला कोणी 'बाळ' म्हणून हाकारू नये. आज भाजी कुठली, बाहेर कुठे जायचे, कोणता सदरा घालायचा, हे त्याला विचारले जावे. आईला विसावा मिळताना त्याचे दिवस तुरुंगात जात असतील तर तो विसावा नव्हे. चांगल्या जागेची परीक्षा सोपी आहे: दुसऱ्या खेपेला पिशवी भरताना तो स्वतः चपला घालून दारात उभा राहतो का?

अशी माणसे फुकट मिळत नाहीत. काळजीवाहूंना सेवाभावाच्या नावाखाली तुटपुंजे मानधन द्यायचे आणि वर त्यांच्याकडून मायेची अपेक्षा करायची, हीही शाल-श्रीफळाचीच रीत आहे. त्यांना प्रशिक्षण हवे, रीतसर पगार हवा, आठवड्याची सुट्टी हवी. पैसा नाही असे कोणी सांगू नये. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. राज्यात 2022 पासून दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही आहे. नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत. पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड, पूर्व, पश्चिम या प्रत्येक विभागात आठ-दहा खाटांचे एक घर, तपासणी समितीत निम्मे पालक आणि न्यासाच्या कायद्याखालच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीपुढे दर तीन महिन्यांनी जाहीर अहवाल, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. मालेगावला, सटाण्याला, सुरगाण्यालाही अशी कुटुंबे आहेत जिथे कोणी निवांत झोपलेले नाही. तिकडे नंतर नव्हे, लगेच जायला हवे.

आणि हे मागायला पालक मोर्चा घेऊन येतील, अशी वाट कोणी पाहू नये. निवेदन द्यायला आई महापालिकेच्या पायऱ्या चढेल, तेवढा वेळ घरी त्याच्याजवळ कोण बसणार आहे?