छोटा दुकानदार आणि संगणकावरील दरोडे

“आमच्या दुकानात चोरण्यासारखे आहे तरी काय?” सायबर सुरक्षेचा विषय निघाला की छोटा व्यापारी हा प्रश्न हमखास विचारतो. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात असे विचारणारे ठायी ठायी भेटतील. पार्थसारथी मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत एकट्या नोकरदारांना खोल्या देणारी ‘मॅन्शन’ आहेत, त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळी आहेत, भारती सालैवर जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत. दोन-चार नोकर, एक गल्ला, भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड आणि पैसे जमा झाल्याचे तमिळमध्ये ओरडून सांगणारी पेटी, एवढाच बहुतेकांचा पसारा. मोठमोठ्या कंपन्यांचे संगणक फोडणाऱ्या टोळ्यांशी आपला काय संबंध, असे या माणसाला वाटावे यात नवल नाही. तथापि हा समज चुकीचा आहे. आणि त्याची किंमत तो एकटा भरत नाही, ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

या धंद्यातला चोर घर पाहून दार ठोठावत नाही. त्याचे यंत्र एकाच वेळी लाखो दारे ढकलून पाहते आणि जे उघडे सापडेल त्यात शिरते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या प्रणालीने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या फटीतून ती शिरली ती बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. दोन महिने ज्यांनी ती बसवून घेतली नाही, ते सापडले. त्यांत ब्रिटनची इस्पितळे होती, तशीच आंध्र प्रदेशातील पोलिसांचीही काही यंत्रे होती.

त्याच वर्षीच्या २७ जूनचे उदाहरण याहून बोलके आहे. युक्रेनमधील कीव शहरात एका कुटुंबाची लहानशी कंपनी ‘मेडॉक’ नावाची हिशेबाची व करभरणीची प्रणाली विकत असे. त्या देशात व्यापार करणाऱ्या बहुसंख्य लोकांकडे ती होती. हल्लेखोर या कंपनीच्या संगणकात शिरले आणि त्यांनी तिच्या नेहमीच्या सुधारित आवृत्तीबरोबरच आपली विध्वंसक प्रणाली ग्राहकांकडे धाडली. हीच पुढे ‘नॉटपेट्या’ म्हणून कुप्रसिद्ध झाली. काही तासांत मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले. आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. मर्स्कने आपले नुकसान वीस ते तीस कोटी डॉलरांच्या घरात असल्याचे सांगितले. खंडणी भरली तरी माहिती परत मिळण्याची सोयच नव्हती. एका छोट्या कंपनीचे दार नीट लावलेले नव्हते आणि रायगड जिल्ह्यात ट्रकवाले माल घेऊन ताटकळले!

या दोन्ही हल्ल्यांत वापरलेले मुख्य हत्यार अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेने घडवून लपवून ठेवले होते. एप्रिल २०१७ मध्ये ते बाहेर फुटले. ‘नॉटपेट्या’ रशियाच्या लष्कराचे कृत्य असल्याचे अमेरिका व ब्रिटनने २०१८ साली जाहीर केले. म्हणजे शस्त्र एका महासत्तेच्या कोठारातले, हात दुसरीचा असल्याचा आरोप, आणि हिशेब जळाले ते मात्र या भांडणाशी देणेघेणे नसलेल्यांचे.

वस्तुतः यासाठी युक्रेनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमला होकार देणारी यंत्रणा बाजूला सारून चोरांनी स्वतःची बनावट यंत्रणा मध्ये बसविली आणि नकली कार्डांनी २८ देशांत पैसे काढले. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज ही बँकांना संगणक सेवा पुरवणारी कंपनी खंडणीखोरांच्या हल्ल्यात सापडली. खबरदारी म्हणून तिला देयक यंत्रणेपासून तोडावे लागले, आणि सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. यांत प्रामुख्याने सहकारी व ग्रामीण बँका होत्या. ज्या दुकानदाराचे खाते अशा बँकेत, त्याने स्वतः काहीही चूक केलेली नव्हती.

आता पुन्हा तिरुवल्लिकेणीकडे येऊ. मॅन्शनचा व्यवस्थापक खोली देताना भाडेकरूचे आधार कार्ड पाहतो, त्याची प्रत ठेवतो, कित्येकदा स्वतःच्या फोनवर तिचे छायाचित्रच काढून घेतो. चोरण्यासारखे काही नाही म्हणणाऱ्याच्या खिशात गावाकडून नोकरीसाठी आलेल्या शेकडो तरुणांची ओळखपत्रे असतात. त्या नावांवर सिमकार्ड निघू शकते, कर्ज उचलले जाऊ शकते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. मोठ्या कंपन्या वकील नेमून त्यातून वाट काढतील. ज्याला कायदा झाल्याचाच पत्ता नाही, त्या मॅन्शनवाल्याचे काय?

आणि नुकसान झाले की ते खाली कोणावर ढकलले जाते? जानेवारी २०२५ मध्ये खजुराहो येथे काही दुकानांचे क्यूआर कोड रात्रीतून बदलले गेले. ग्राहकांचे पैसे परस्पर दुसऱ्याच खात्यात जाऊ लागले. असा प्रकार खाणावळीत घडला की पहिला संशय गल्ल्यावरच्या पोऱ्यावर. त्याचे म्हणणे ऐकल्याखेरीज त्याच्या वेतनातून नुकसान कापून घेणे कायद्याला मंजूर नाही. पण त्याला कायदा सांगणार कोण? एकच परवलीचा शब्द मालक, मेहुणा आणि तीन नोकर वापरत असतील, तर दोष नोकराचा म्हणता येत नाही. तो व्यवस्थेचा दोष आहे, आणि व्यवस्था लावणे हे मालकाचे काम.

करावयाच्या गोष्टी फारशा खर्चिक नाहीत. हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती संगणकापासून काढून ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत मूळ हिशेबाबरोबरच कुलूपबंद होते. चोरीची प्रणाली वापरू नये. तिला दुरुस्त्या मिळण्याचा भरवसा नसतो. पुरवठादाराने खाते बदलल्याचा निरोप आला, तर त्या निरोपातल्या नव्हे, आपल्या जुन्या वहीतल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असल्याचे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी स्पष्ट केले. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, अशा प्रकरणांत बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्यावर भार टाकू नये, असेही तिने ठरवून दिले. लाजेपोटी आठवडा दवडणारा हा हक्क गमावतो.

हे सारे लोकांच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. ‘फिशिंग’ या शब्दाने खाणावळवाल्याला काही बोध होणार नाही. पण ‘तूंडिल’, म्हणजे मासे धरण्याचा गळ, म्हटले की तो मान डोलावतो. मरीनाचा किनारा त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

एकट्या दुकानदाराला हे झेपत नाही, ही त्याची तक्रार मात्र खरी आहे. याच वस्तीत १९०४ साली ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी उभी राहिली. रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली दाखविलेल्या वाटेवरची ती देशातील पहिल्या ग्राहक संस्थांपैकी एक, आणि ती आजही चालू आहे. चोख माल आणि पुरते माप एकेकट्याला मिळवता येत नव्हते, म्हणून लोक एकत्र आले. एका गल्लीतील तीस दुकानांनी मिळून एक जाणता तंत्रज्ञ नेमला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च जड जाणार नाही. त्याने महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या दुकानी यावे, दुरुस्त्या बसवाव्यात, भिंतीवरचा क्यूआर कोड आपल्याच खात्याचा आहे ना ते रुपया पाठवून पाहावे, आणि हिशेबाची ठेवलेली प्रत खरोखर उघडते की नाही ते मालकासमोर व गल्ल्यावरच्या पोऱ्यासमोर उघडून दाखवावे.