म्हाताऱ्यांच्या हातातली चावी अन् आपलं ढोंग

परवा एक व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरत होता, तुम्हीही पाहिला असेल. पांढऱ्या केसांचे एक काका मोपेडवरून चौकात भलत्याच वेळी वळतात, मागची कार करकचून ब्रेक लावते, थोडक्यात निभावतं. खाली कमेंटचा पाऊस. "घरी बसा ना काका." "काऊन निघता बापा बाहेर या वयात?" "साठीनंतर लायसन्सच रद्द करा." ही शेवटची कमेंट टाकणाऱ्या भाऊचा डीपी पाहिला. बुलेटवर, गॉगल लावून, बिनहेल्मेटचा.

साठीनंतर लायसन्स रद्द करा म्हणणाऱ्यांसाठी आधी हे. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. हा केंद्राच्या परिवहन मंत्रालयाचाच आकडा आहे. त्यातली दोन तृतीयांशच्या आसपास माणसं १८ ते ४५ वयातली होती. ज्या खात्याचे मंत्री आपल्या नागपूरचेच खासदार आहेत, त्या गडकरींनीच डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत कबूल केलं की आंतरराष्ट्रीय परिषदेत अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावंसं वाटतं. तर हे सगळं काय सत्तरीच्या काकांनी केलं? रात्री रिंग रोडवर गाड्या हाणणारे कोण असतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

पण म्हणून काकांना सगळं माफ, असंही माझं म्हणणं नाही. मान वळत नाही म्हणून मागचं दिसत नाही. मोतीबिंदू पिकायला लागला की समोरच्या गाडीचा अप्पर लाइट डोळ्यांत फुटतो आणि दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. शुगरची गोळी घेतली, जेवायला उशीर झाला, की भर सिग्नलवर डोकं गरगरतं. झोपेच्या गोळीचा अंमल सकाळी दहालाही उतरलेला नसतो. मोपेडवरचे पाय जमिनीला घासत चालवणारे काका रोज दिसतात. त्यांना स्वतःलाच तोल सांभाळायचा भरवसा उरलेला नसतो. मागे काकू, साडीत, एका बाजूला पाय टाकून, हातात भाजीची पिशवी, डोक्यावर काही नाही. हेल्मेटचा कायदा वय पाहत नाही, मागे बसणाऱ्यालाही तो लागू आहे. पण काकूंना हेल्मेट घ्यावं हे कोणाच्या मनातच येत नाही.

आता कायद्याकडे या. तिथे सगळं लिहिलेलं आहे, फक्त खरं नाही. पंचावन्न ओलांडल्यावर लायसन्स पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. चाळिशीनंतर फॉर्म १-ए लागतो, म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट. त्यात काय विचारलंय, कधी वाचलं का? पंचवीस मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का. चांगले प्रश्न आहेत. माझ्या नात्यातल्या एका काकांचं सर्टिफिकेट डॉक्टरनी टेबलावरूनच दिलं. नजर तपासली नाही, खुर्चीतून उठवलंसुद्धा नाही. काका खूश, "पाच मिनिटांत काम झालं." राजेहो, काम झालं नाही, काम टाळलं! आणि चालवता येतं का, हे तर कोणी विचारतच नाही. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तरच पुन्हा ट्रायल. पंचवीसाव्या वर्षी एकदा आठचा आकडा काढून दाखवला की जन्माची परीक्षा पास.

मोटार वाहन कायद्यात कलम १६ आहे. आजारपणामुळे माणूस गाडी चालवायला योग्य राहिला नाही असं वाटण्यासारखं कारण असेल तर लायसन्स देणारा अधिकारी केव्हाही नवं मेडिकल सर्टिफिकेट मागू शकतो, लायसन्स रद्दही करू शकतो. हे कलम वापरलेलं मी तरी कुठे ऐकलं नाही. वापरणार कोण? ज्याला घरातलं सगळं माहीत आहे तो मुलगा बापाविरुद्ध आरटीओला पत्र लिहीत नाही. अल्पवयीन पोरानं गाडी ठोकली तर २०१९ च्या दुरुस्तीपासून बापाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. बाप विसरायला लागलाय, दोनदा गाडी घासून आणलीय, हे दिसत असूनही गप्प बसणाऱ्या पोराला मात्र कोणी काही विचारत नाही. विचारावं असं मी म्हणत नाही. पण पुण्यात-बंगळुरात बसून व्हिडिओ कॉलवर "बाबा, जपून हां" म्हणणं ही जबाबदारी नव्हे.

जपानची गोष्ट सांगतो. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या माणसानं ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. देश हादरला. त्या एका वर्षात सुमारे सहा लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केलं. पंचाहत्तरीनंतर तिथे रिन्यू करताना स्मरणशक्तीची परीक्षा असते. पण हेही ऐका, लायसन्स परत करणाऱ्याला कित्येक ठिकाणी बसच्या, टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते. चावी घेतात, पण पाय तोडत नाहीत.

आणि आपण? हुडकेश्वर, मानेवाडा, दिघोरीकडच्या काकांनी चावी ठेवून दिली तर जायचं कशानं? मेट्रो चांगली आहे, मी वापरतो. पण ती ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर जाते. मेयोजवळून जाते, मेडिकलला जात नाही. स्टेशनपासून घर दोन किलोमीटर, डोक्यावर मे महिन्याचं पंचेचाळीसचं ऊन, फुटपाथवर पार्किंग आणि पाणीपुरीचा ठेला. आपली बस कधी येईल हे स्टॉपवरच्या कोणालाच सांगता येत नाही, आणि आली तर पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, छान आहे. म्हणजे काका नागपूरहून कोल्हापूरला फुकट जाऊ शकतात, मेडिकलला बीपीची गोळी आणायला जाताना मात्र मोपेड काढावी लागते, कारण ती योजना शहर बसची नाही.

म्हणून "घरी बसा काका" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. घरी बसलेला माणूस सहा महिन्यांत खचतो. बँक, पेन्शनचा हयातीचा दाखला, फिरायला जायचा ग्रुप, नातवाची शाळा, सगळं त्या चावीला बांधलेलं आहे.

माझी मागणी साधी आहे. फॉर्म १-ए खोटा भरणाऱ्या डॉक्टरवर कारवाई, पासष्टीनंतर रिन्यूला दहा मिनिटं प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवणं, आणि महापालिकेनं मेडिकल, मेयो आणि मेट्रो स्टेशनांना जोडणाऱ्या, खालच्या पायरीच्या छोट्या बसेस मोहल्ल्यातून फिरवणं. पहिल्या दोन गोष्टी तिसरीशिवाय लादल्या तर मी काकांच्या बाजूनं उभा राहीन.

दिवाळीत पोरं घरी येतील. एकदा बाबांच्या बाजूच्या सीटवर बसा, संध्याकाळी सातला, वर्धा रोडवर. सल्ला देऊ नका, फक्त बघा. मग डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या, तुमच्याच नावानं फोन करून, आणि सोबत जा.