आयरिसचा गड्डा आणि कोकणातला पाऊस

जासईहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. सैन्यात असलेल्या त्यांच्या भावाने सुटीवर येताना श्रीनगरहून आयरिसचे पाच-सहा गड्डे आणले. ते मागीलदारी कसे लावावेत आणि फूल कधी येईल, अशी त्यांची पृच्छा आहे. पत्राच्या अखेरीस सहज लिहिल्यासारखे एक वाक्य आहे : गड्डे आल्यासारखेच दिसतात म्हणून सासूबाईंनी ते सध्या आल्याच्या टोपलीत ठेवले आहेत. लागवडीचे आपण सावकाश बोलू. आधी ते गड्डे त्या टोपलीतून बाहेर काढावेत.

आयरिसचा गड्डा खाण्याचा नव्हे. ताजा गड्डा चावल्यास तोंडाची व घशाची आग होते, पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि जुलाब होतात. त्याचा रस लागून काहींच्या हातांवर पुरळही उठते. तेव्हा गड्डे हाताळताना हातमोजे घालावेत, कापण्याची सुरी स्वयंपाकघरातली नसावी. लहान मुलाने तुकडा चावलाच, तर तोंड पाण्याने धुवावे, मुद्दाम उलटी करवू नये आणि उरलेला तुकडा सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. दारच्या शेळीलाही हे झाड बाधते.

आता फुलाकडे वळू. आयरिस हे नाव ग्रीकांच्या इंद्रधनुष्याच्या देवतेवरून पडले. सहा पाकळ्यांपैकी तीन वर उभ्या राहतात, तीन खाली झुकतात. झुकलेल्या पाकळीच्या मध्यावर मऊ केसांची एक पट्टी असते. तीच दाढी, आणि तिच्यावरून या गटाला बिअर्डेड आयरिस म्हणतात. मधमाशीला मधाची वाट दाखवणे हे त्या पट्टीचे काम. काश्मिरात कबरींवर पांढरा आयरिस लावण्याची जुनी रीत आहे. शास्त्रात त्याला आयरिस काश्मिरियाना म्हणतात, आणि तोही याच गटातला आहे. कबरीवर रोज पाणी घालायला कोण जातो? हिवाळ्यात बर्फाखाली निजावे, वसंतात फुलावे, उन्हाळ्यात तापलेल्या मातीत कोणी न विचारता पडून राहावे, असा या वनस्पतीचा स्वभाव. तिला उपासापेक्षा लाडाचेच भय अधिक.

नवशिक्याची अडचण नेमकी येथेच होते. आपण कंद म्हटला की तो मातीत खोल पुरतो. हळदीचे बेणे पुरतो तसा. आयरिसचा गड्डा पुरला की कुजला. त्याला शास्त्रात मूलक्षोड म्हणतात, म्हणजे जमिनीलगत आडवे वाढणारे खोडच ते. खोडाला हवा आणि ऊन हवेच. त्यामुळे लागवड अशी करावी : खड्ड्याच्या मध्यभागी मातीचा लहानसा उंचवटा करावा, गड्डा त्यावर घोड्यावर बसवल्यासारखा ठेवावा, मुळे दोन्ही अंगांना खाली पसरावीत आणि मुळांवर माती दाबावी. गड्ड्याची पाठ उघडी राहिली पाहिजे. आपल्याकडच्या कडक उन्हात तिच्यावर एखादा सेंटिमीटर मातीचा पातळ थर दिला तर चालेल, त्याहून अधिक नाही. पाने एक तृतीयांश राखून पंख्यासारखी कापावीत, म्हणजे मुळे धरेपर्यंत त्यांचा भार गड्ड्यावर पडत नाही. दोन गड्ड्यांत फूटभराहून अधिक अंतर असावे. ताजे शेण तर मुळीच घालू नये. जोमदार, मऊ वाढ झाली की तिच्यात जिवाणू शिरतात आणि गड्डा आतून लगदा होतो. त्या वेळी जी दुर्गंधी येते ती एकदा आली की ओळख पटते. मऊ भाग जुन्या चमच्याने टणक गर लागेपर्यंत खरवडून काढावा आणि गड्डा दोन दिवस उन्हात कोरडा करावा. पुष्कळदा तो वाचतो.

हे सारे श्रीनगरला ठीक. तेथे वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, त्यातला बराच हिवाळ्या-वसंतातला. जासईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच दोन हजार मिलिमीटरहून अधिक कोसळतो. गावाची माती चिकण, खाडीच्या अंगाची, पाणी धरून ठेवणारी. भातासाठी ती उत्तम होती. नवी मुंबई आणि बंदर यांच्यासाठी या परिसरातील खाचरे संपादनात गेली. दि. बा. पाटलांच्या या गावाने जानेवारी 1984 मध्ये त्यासाठी गोळीबार सोसला. आज पुष्कळ घरांना उरली आहे ती मागीलदारची चार हात जमीन, तिच्यावर कंटेनरच्या गाड्यांची धूळ. त्या चार हातांत काय लावावे, हा प्रश्न म्हणून मला हलका वाटत नाही.

आयरिसपुरते स्पष्टच सांगतो. बहुतेक बिअर्डेड जातींना फुलायला काही आठवड्यांची खरी थंडी लागते, आणि जासईच्या रात्री पुरेशा गार होत नाहीत. पाने येतील, फुलाची आशा फारशी धरू नये. दोन गड्डे हौस म्हणून लावावेत. पसरट मातीची कुंडी, तळाशी मोठे भोक, त्यावर कौलाचे तुकडे, मग निम्मी माती व निम्मी जाड वाळू. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात लावावेत. माती बोटभर खोलवर कोरडी झाल्याखेरीज पाणी नाही. मेमध्ये दुपारची सावली द्यावी आणि पहिल्या पावसाआधी कुंडी पडवीत ओढावी. उरलेले गड्डे भावाने परत नेलेले बरे. तेथे पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत थांबू नये, बर्फ पडण्याआधी मुळे धरायला दीड महिना मिळेल अशा बेताने लावून टाकावेत.

मग जासईच्या ओल्या मातीत काय? मी वेखंड सुचवीन. पाने आयरिससारखीच तलवारीची, गड्डा तसाच आडवा. नाते मात्र काही नाही, दोघांची कुळे वेगळी. पान चुरगळून पाहावे : वेखंडाला उग्र सुगंध येतो, आयरिसला नाही. वेखंडाला चिखल हवा, म्हणजे आयरिसला जे मारते त्यावरच हे पोसते. डोळा असलेला बोटभर तुकडा जूनमध्ये घमेल्यात किंवा जुन्या टबात चिखलात लावावा, अर्धे ऊन द्यावे; दोन-तीन फूट उंचीची दाट हिरवी जुडी होते. फूल नगण्य असते, तेव्हा शोभा पानांचीच. मात्र वर पाणी साचू देऊ नये. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात आणि तो अंडी घालतो ती पाण्याच्या काठालगत, भांड्याच्या अंगावर. चिखल लचपचीत, पण वर उघडे पाणी नाही, इतके राखले तरी वेखंडाचे भागते. टबाचा काठ आठवड्यातून एकदा ब्रशने घासावा.

वेखंड दारी आले की ते बाळापर्यंत पोहोचतेच. सहाणेवर उगाळून बाळगुटीत देण्याची आपली रीत जुनी आहे. योगायोग असा की युरोपातही दात येणाऱ्या बाळांना वाळलेला आयरिसचा गड्डा चघळायला देत असत. फ्लोरेन्सच्या परिसरात तो आजही काही वर्षे वाळवतात, कारण ताज्या गड्ड्याला नसलेला जांभळ्या व्हायोलेट फुलांचा वास त्याला वाळल्यावर येतो, आणि तो अत्तरात जातो. बाळाच्या तोंडात मात्र तो देऊ नये. वेखंडाबाबतही तेच करावे, असे माझे मत आहे. आपल्याकडच्या वेखंडाच्या तेलात बीटा-अॅसरोन हे द्रव्य भरपूर असते. जम्मूच्या वेखंडाचे तेल दीर्घकाळ खाऊ घातलेल्या उंदरांच्या आतड्यांत गाठी आढळल्या, आणि 1968 मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी केली. शिवाय पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधावाचून काहीच नको, पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. आजीबाईंच्या हाताचा मान राखूनही गुटी थांबवता येते. वेखंडाचे वाळलेले तुकडे फडक्यात बांधून कपड्यांच्या ट्रंकेत ठेवण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. कसर लागू नये म्हणून ते पूर्वीही ठेवत असत.

वेखंडाचा गड्डा साधारण वर्षाने काढता येतो. धुऊन, तुकडे करून सावलीत वाळवावा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरून बरणीवर नाव लिहावे. आयरिसचे गड्डे लावणीपर्यंत कोरड्या कागदी पिशवीत, पिशवीवर ठळक अक्षरांत ‘खाऊ नये’ असे लिहून, खुंटीला उंच टांगावेत.