शिरगणतीला आपण भट्टीवर होतो

मागच्या महिन्यात वनहक्काच्या दाव्याचे कागद घेऊन आम्ही चौघे एका कचेरीत गेलो. साहेबांनी कपाटातून जुनं जाड पुस्तक काढलं, जनगणनेचं. आमच्या गावाची ओळ शोधली, बोट ठेवलं आणि बोलले, "हे बघा, त्या साली तुमच्या गावात अनुसूचित जमातीचं एकही माणूस नव्हतं. मग पिढ्यान् पिढ्या राहतो म्हणता ते कसं?" रकाना खरंच रिकामा होता. आमच्यातला म्हातारा एवढंच बोलला, "साहेब, त्या साली माझं लगीन झालं, याच वाडीत." पण छापील पुस्तकापुढे म्हाताऱ्याचं कोण ऐकतंय.

खोटं कशाला सांगू, परत येताना माझ्याही मनात शंका आली. बारावीपर्यंत शिकलो, तेव्हा छापलेलं ते खरं हीच सवय. घरी आल्यावर आजीला विचारलं. तिने उलट मलाच विचारलं, "मोजायला आले कधी? कुठल्या महिन्यात?" मी बोललो, फेब्रुवारी-मार्चात. ती हसली. "तेव्हा आम्ही वाडीवर असतो काय रे? कोळशाला गेलेलो असतो. पावसाच्या तोंडावर परत."

साथींनो, त्या रिकाम्या रकान्याचा उलगडा आजीच्या या एका वाक्यात आहे. मी मग शिरगणतीच्या तारखा काढल्या. १८८१ साली १७ फेब्रुवारी. १८९१ ला २६ फेब्रुवारी. १९०१ ला १ मार्च, १९११ ला १० मार्च, १९२१ ला १८ मार्च, १९३१ ला पुन्हा २६ फेब्रुवारी. स्वातंत्र्यानंतरही १ मार्च धरूनच मोजतात, फक्त १९७१ ला १ एप्रिल धरला. दिवाळी झाली की कातकरी उचल घेऊन बाहेर पडतो आणि पावसाआधी परततो. म्हणजे यातली एकही तारीख आपण घरी असण्याच्या दिवसांतली नाही. १९३१ पर्यंत तर सगळी मोजणी एका रात्रीत व्हायची. त्या रात्री जो जिथे सापडेल तिथला तो. कोळशाच्या भट्टीवर असेल तर भट्टीच्या गावचा, आणि दोन गावांच्या मधल्या रानात असेल तर कुठलाच नाही.

आणखी एक गंमत. साहेब लोक तारीख ठरवताना सणवार टाळायचे, कारण सणाला माणसं जागा सोडून हलतात. १९११, १९२१ आणि १९३१, तिन्ही वेळा मोजणीनंतर आठवड्याच्या आत शिमगा होता. कोकणात शिमग्याला माणूस कुठूनही आपल्या गावी येतो. इथे आठ दिवस थांबले असते तर किती भरलेल्या वाड्या सापडल्या असत्या! पण त्यांना माणसं जागच्या जागी पाहिजे होती, आणि त्यांनी धरलेली जागा आपली नव्हती.

ठाकर भावांचं दुखणं वेगळं. आताचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता, त्यामुळे जुन्या पुस्तकांत कुडाळ-सावंतवाडीची गावंही रत्नागिरीच्या आकड्यांत शोधावी लागतात. पण तिथे ठाकर जमातीच्या रकान्यात सापडणार नाहीत. तेव्हाच्या यादीत ठाकूर-ठाकर ही जमात अहमदनगर, कुलाबा, नाशिक, पुणे, ठाणे या पाच जिल्ह्यांतल्या ठरावीक तालुक्यांपुरतीच होती. ही तालुक्यांची अट १९७६ च्या कायद्याने काढली. माणसं तिथेच राहत होती, पण सरकारच्या लेखी ती १९७६ नंतर आदिवासी झाली! त्या अटीच्या दिवसांतला शून्य दाखवून कोणी विचारलं तर त्याला आधी यादी दाखवा.

म्हणून काही साथी बोलतात, जनगणनेचा नादच सोडा. मला ते पटत नाही. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत नियम १३ वाचा. पुराव्यांत गॅझेटियर आणि जनगणना यांची नावं आहेत, पण त्याच नियमात जुन्या विहिरी, स्मशानं, देवाच्या जागा आहेत, वंशावळ आहे, आणि दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. एकापेक्षा जास्त पुरावे बघा, असंही तोच नियम सांगतो. तेव्हा एका पुस्तकातल्या एका रकान्यावर दावा उडवता येत नाही. शिवाय आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा असतो, पिढ्यांचा हिशेब नाही. ७५ वर्षांची अट आपल्या शेजारच्या गवळी धनगरांना आहे. त्यांना १३ डिसेंबर १९३० च्या मागे जावं लागतं, तेव्हा त्यांच्या कामालाही आपण धावलं पाहिजे.

मग आपल्याला पूर्वज कशाला शोधायचे? कारण जातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासूनचं राहणं विचारतात. आणि कारण पावसच्या बाजूला अजून आपल्याला "बागेतले गडी, कुठून तरी आलेले" म्हणतात. रत्नागिरीत सरकारी जंगल मुळात थोडं, बाकी डोंगर खोतांचे, मालकांचे. उपरा ठरला की त्याला हलवायला सोपं.

शिरगणतीच्या मूळ फॉर्मात आजाचं नाव मिळेल ही आशा ठेवू नका. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे तो फॉर्म कोणाला बघायला मिळत नाही. "जनगणनेत आजाचं नाव दाखव" असं कोणी बोलला तर तो न होणारी गोष्ट मागतो आहे. छापलेल्या पुस्तकात फक्त गावाचे आकडे, आणि तेही महसुली गावाचे. वाडीची वेगळी ओळ नाही.

पण १९५१ च्या शिरगणतीबरोबर सरकारने नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर केलं होतं. त्यात घराच्या क्रमाने माणसांची नावं आहेत, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, धंदा. तहसीलच्या जुन्या दप्तरात जिथे ते शिल्लक आहे तिथे माहितीच्या अधिकारात नक्कल मागा. आम्ही मागितली. माझा आजा त्यात नाही, तो भट्टीवर होता. पण त्याचा थोरला भाऊ सापडला. आजी सांगते, त्या साली सासू आजारी होती, तिच्याजवळ कोणी तरी मागे राहायला पाहिजे होतं, म्हणून तो राहिला. म्हातारी आजारी पडली म्हणून आमचं घर कागदावर आलं.

त्याहून जास्त उपयोग झाला तो शेजाऱ्यांचा. रजिस्टर उघडण्याआधीच मी आजीकडून घरं लिहून घेतली होती. ओढ्याच्या अलीकडे कोण, वर कोण, सुताराचं घर कुठलं, विहिरीवर पाणी कोणाबरोबर भरायचं. रजिस्टरात घरं जवळजवळ त्याच क्रमाने निघाली. आजीला अक्षर वाचता येत नाही. मी नावं वाचत गेलो आणि ती पुढचं नाव आधीच सांगत गेली. त्यातल्या एका कुणबी घरातला म्हातारा अजून आहे. त्याने स्वतःहून जबाब दिला की याच्या आजाबरोबर मी गुरं राखली. आता रजिस्टरातला भाऊ, वंशावळ, शेजाऱ्याचा जबाब आणि विहीर, चारही दाव्याला जोडलेत. तुम्ही शोधाल तेव्हा आडनावावर अडू नका. पवार, जाधव शोधाल तर तिथे नुसतं पहिलं नाव आणि पुढे काथोडी असेल. आणि म्हाताऱ्यांकडे आधी जा, कचेरीत नंतर. कागद थांबतो, माणूस थांबत नाही.

आता २०११ चं. ९ ते २८ फेब्रुवारी २०११ ला पुन्हा शिरगणती झाली, पुन्हा भट्टीच्या दिवसांत. नियम असा होता की नेहमी इथे राहणारं माणूस या वीस दिवसांत थोडे दिवस जरी घरी असलं तरी त्याची मोजणी घरीच करायची. पूर्ण वीस दिवस बाहेर असेल तर जिथे असेल तिथे. उचल घेतलेल्याला मुकादम सहजी सोडत नाही हे मला माहीत आहे, मी स्वतः दोन वर्षं विटा पाडल्यात. तरी मोजणीच्या दिवसांत घरातल्या ज्याला जमेल त्याने यावं. जमणारच नसेल तर भट्टीवर मोजणारे गुरुजी आले की झोपडी सोडून पुढे व्हा आणि जमातीच्या रकान्यात "कातकरी" लिहून घ्या. नुसतं आडनाव ऐकून ते पुढे सरकतात. दोन्हीकडे नाव लावू नका.

२०११ ला आमच्या वाडीतून दोघे जण २ तारखेला पेण-पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर निरोप द्यायला निघणार होते. ज्या वाडीची माणसं त्या बाजूला होती तिने भट्टीचं गाव आणि मुकादमाचं नाव चिठ्ठीवर लिहून ३१ जानेवारीपर्यंत आमच्याकडे पोचवायचं होतं.