बिनकामाचं चालणं

गेले काही महिने आमच्या गटात एका सहलीची आखणी चालली आहे. सहल म्हटलं की महाबळेश्वर, पाचगणी, फार तर गणपतीपुळे. ही सहल तशी नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातून पाठीवर सामान घेऊन पाच दिवस पायी जायचं आहे. शिखर शिंगणापूरपासून (शनीचं नव्हे, महादेवाचं) निघायचं, डोंगर उतरून माळामाळानं म्हसवड, मग राजेवाडीचा तलाव, आटपाडी आणि शेवटी खरसुंडी. १२ जणी, ४ मुक्काम. आमच्यात शिक्षिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, शेतमजूर आहेत, दोघी परित्यक्ता आहेत. मी समुपदेशन केंद्रात काम करते.

बेत बाहेर कळला तसे प्रश्न सुरू झाले. घरच्यांचा प्रश्न होता, 'कशासाठी?' गावाचा प्रश्न होता, 'सोबत पुरुष कोण?' चळवळीतल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीचा प्रश्न जास्त बोचरा होता. 'या भागातल्या बायका जन्मभर हंड्यापायी चालल्या. आणि तुम्ही हौसेनं चालणार?'

तिचा प्रश्न टाळून पुढं जाता येत नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. या फरकाची किंमत बाईच्या पायांनी मोजली आहे. पाण्याला चाला, सरपणाला चाला, टंचाईत रोजगार हमीच्या कामावर चाला, ऊसतोडीला गाव सोडून जा. मेंढपाळ धनगर कुटुंबं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन मुलूख सोडतात, कुणी घाट उतरून कोकणात जातात. घोड्यावर बिऱ्हाड लादून, लेकरं सांभाळत वाड्यातल्या बायका रोज नवा मुक्काम मांडतात. त्यांच्या चालण्याला कुणी साहस म्हणत नाही.

पण मला यातूनच उलट गोष्ट दिसते. बाईच्या चालण्याला कुणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती बिनकामाच्या चालण्याला. डोक्यावर हंडा असला की ती कितीही लांब जाऊ शकते. विठोबाच्या नावानं निघाली तर पंधरा-वीस दिवस घराबाहेर राहिली तरी चालतं. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला, आणि तो वाटायलाच हवा. पण पदक नाही, देव नाही, पाणी नाही, पाहुण्यांकडचं लग्न नाही. फक्त आपला मुलूख आपल्या पायांनी बघायचा आहे, असं एखादी म्हणाली की लगेच कारण मागितलं जातं. म्हणून ही हौस आहे हे मी मान्य करते, आणि हौसेचा हक्क मागते. मात्र तो हक्क कुणाकुणाला मिळतो हे सहलीच्या आखणीतच ठरतं.

आखणीचं पहिलं कलम पाणी. चालणाऱ्या माणसाला पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला निदान ५ लिटर पाणी लागतं. १२ जणींचं ५ दिवसांचं झालं ३०० लिटर, म्हणजे प्रत्येकीच्या पाठीवर २५ किलो नुसतं पाणी. ते शक्य नाही. तेव्हा वाट पाण्यापासून पाण्यापर्यंत आखावी लागते. नकाशात ओढे निळे दिसतात. जानेवारीनंतर त्यातले बहुतेक वाळूचे असतात. खुद्द माणगंगाही वर्षातला बराच काळ कोरडी असते. आटपाडी तालुक्यात आता टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आलं आहे, डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. पण कालव्याला पाणी आवर्तनाप्रमाणं सुटतं, आणि ते उकळल्याशिवाय पिता येत नाही. कुठला हातपंप चालू आहे, कुठल्या बोअरचं पाणी खारं आहे, कुठली विहीर संक्रांतीनंतर तळ गाठते, हे कुठल्याही छापील नकाशात नाही. ते आमच्यातल्या शेतमजूर मैत्रिणींना आणि वाड्यावरच्या धनगर बायकांना तोंडपाठ आहे. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात मी 'सहभागी नियोजन' हा शब्द शिकले. त्याचा अर्थ या बैठकांत कळला.

याच बैठकांत दुसरी गोष्ट पुढं आली. पाणी कुठं आहे एवढं कळून भागत नाही, ते कुणाचं आहे हेही विचारावं लागतं. आमच्यातल्या दलित मैत्रिणीनं सरळ विचारलं, 'त्या वस्तीवरच्या विहिरीवर तुम्ही कळशी बुडवाल. मी बुडवली तर?' महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. तरीही हा प्रश्न तिला विचारावासा वाटतो, यातच सगळं आलं. आम्ही ठरवलं, जिथं बाराही जणींना सारखं पाणी घेता येणार नाही, ते ठिकाण आमच्या वाटेवर नाही. त्यासाठी तीन-चार किलोमीटर जास्त चालावं लागलं तरी चालेल.

मुक्कामाचंही तसंच. या भागात पायी जाणारा माणूस देवळाच्या ओवरीत पथारी टाकतो. १२ जणी ५ दिवस चालणार म्हटल्यावर कुणाची तरी पाळी येणारच. तिनं एकटीनं बाहेर झोपायचं काय? म्हणून देवळं वगळली. ग्रामपंचायतींना लिहून शाळांच्या पडव्या मागितल्या आहेत. लघवीला जावं लागू नये म्हणून बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. उन्हात ही सवय जिवावर बेतू शकते. म्हणून आडोसा असलेले थांबेही वाटेवर आधीच ठरवले आहेत. हे तपशील कुणाला क्षुल्लक वाटतील. पण आखणी पुरुषांच्या हाती असते तेव्हा नेमक्या या गोष्टी 'बायकांची सोय' म्हणून शेवटी चिकटवल्या जातात.

आता सोबतीचा प्रश्न. पोलीस ठाण्याला, सरपंचांना कळवणार आहोत. ११२ क्रमांक प्रत्येकीला पाठ आहे. मोबाईलला रेंज नसेल त्या टप्प्यांत कुणी एकटी मागं राहणार नाही. एवढी काळजी घ्यायलाच हवी. पण पुरुष सोबत असला म्हणजे बाई सुरक्षित, हे आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांना कसं सांगायचं? त्यांना मारहाण माळावर झालेली नाही, घरात झाली आहे. देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो, असं सरकारी आकडेवारीच सांगते. माळाची भीती आपल्याला घालतात आणि घराची कुणी घालत नाही.

सर्वांत अवघड कलम दिवसांचं. मार्चनंतर ऊन सोसत नाही. त्याआधी शाळूची काढणी असते, म्हणजे मजुरीचे दिवस. पगारी मैत्रिणींनी रजा टाकली की झालं. रोजगारावर जाणारीची पाच दिवसांची मजुरी बुडते, शिवाय घरी जनावरं, म्हातारी माणसं असतात. तिला वगळून सहल काढणं सोपं आहे, पण मग पाण्याची माहिती तिची आणि चालणं आपलं, असं होईल. म्हणून तारीख तिनं ठरवायची, काढणीला हात घालण्याआधीची. बुडणारी मजुरी गटानं मिळून भरायची. जनावरांची वैरण-पाणी कोण बघणार, हा प्रश्न तिच्या घरातल्या पुरुषाला गटानं एकत्र जाऊन विचारायचा.

हिशेब बायकांना जमत नाही असं अजूनही म्हटलं जातं. आमच्या वाटेवरच्या म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सभासद बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता. त्यांनी अधिकाऱ्यांपुढं व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखवले. रॉबिन डेव्हिडसन ही ऑस्ट्रेलियन तरुणी १९७७ साली चार उंट आणि एक कुत्रा घेऊन वाळवंटातून सुमारे २,७०० किलोमीटर चालली. त्या प्रवासाला नऊ महिने लागले. उंट हाकायला शिकण्यात आणि तयारीत त्याआधी जवळपास दोन वर्षं गेली होती. वाटेत तिथल्या मूळनिवासी वृद्धाची सोबत आणि शिकवण तिला मिळाली. धाडसाच्या गोष्टीत ही तयारी आणि ही मदत सहसा मागं पडते.

मैत्रिणींनो, अशी वाट तुमच्याही भागात असेल; जत, कवठे महांकाळ, खटाव, कुठंही. ती आखायला बसाल तेव्हा घरातून निघणं जिला सर्वांत अवघड आहे, तिच्यापासून सुरुवात करा. तिचा दिवस, तिची मजुरी, तिचं पाणी, तिचा मुक्काम आधी ठरू द्या. ते जमलं तर बाकीच्यांचं आपोआप जमतं. आणि कुणी 'कशासाठी?' विचारलं तर कारण शोधत बसू नका. चालायचं आहे म्हणून, एवढं सांगितलं तरी पुरे.